सनदी चाचेगिरीची पृथ्वीप्रदक्षिणा

जबलपूर शहर समुद्रापासून फार दूर आहे. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून वाहणारी नर्मदा पुढे खंबायतच्या आखाताला जाऊन मिळते, एवढाच काय तो या शहराचा समुद्राशी संबंध. परंतु लुटारू कोणाला म्हणावे आणि त्याचा बंदोबस्त कोणी करावा, हा प्रश्न मात्र या शहराला नवा नाही. १८३० नंतरच्या काळात विल्यम स्लीमनने ठगांविरुद्धची आपली मोहीम येथूनच चालविली. पकडलेल्या ठगांपैकी काहींना त्याने माफीचे साक्षीदार केले, त्यांच्याच मदतीने त्यांचे साथीदार धरले, आणि या साक्षीदारांना व त्यांच्या मुलांना कामधंदा लावण्यासाठी जबलपुरात एक उद्योगशाळा काढली. त्या राजवटीची आठवण नेपियर टाउन आणि राइट टाउन या वस्त्यांच्या नावांत, तसेच जवळच्या स्लीमनाबाद या गावाच्या नावात आजही टिकून आहे.

ठग हा लुटारू आणि त्याला पकडणारा तो राज्यकर्ता, अशी ही सरळ विभागणी होती. पण स्लीमनच्या आधी शे-सव्वाशे वर्षे मागे जावे आणि जमीन सोडून समुद्राकडे पाहावे, तर ही विभागणी इतकी सरळ राहत नाही. तेथे लुटारू आणि राजाचा सेवक यांच्यामध्ये पुष्कळदा एका कागदाचेच अंतर असे. हा कागद म्हणजे राजाने दिलेली सनद. शत्रूच्या राष्ट्राची जहाजे खुशाल पकडावीत, त्यांवरील माल न्यायालयापुढे ठेवून आपलासा करावा, असा अधिकार या सनदेने खासगी जहाजमालकाला मिळे. अशा जहाजाला व त्याच्या कप्तानाला इंग्रजीत प्रायव्हेटिअर म्हणत. मराठीत त्याला सनदी चाचा म्हणता येईल. सनद असेल तर तो देशभक्त, नसेल तर तो चाचा. आणि चाच्याला शिक्षा फाशीची.

ही रेषा किती बारीक होती, हे कप्तान विल्यम किडच्या उदाहरणावरून दिसते. तो इंग्लंडच्या राजाची सनद घेऊन १६९६ मध्ये निघाला. चाचे व फ्रेंच जहाजे पकडणे हे त्याचे काम होते. परंतु हिंदी महासागरात शिरल्यावर त्याने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्यापारी जहाजांवरच हात टाकला. १६९८ च्या आरंभी त्याने 'क्वेदा मर्चंट' हे मालाने भरलेले जहाज पकडले आणि त्याचा बोभाटा मोगल दरबारापर्यंत गेला. कंपनीचा व्यापार धोक्यात येताच किडची सनद त्याच्या कामी आली नाही. १७०१ च्या मे महिन्यात लंडनमध्ये त्याला फासावर चढविण्यात आले.

या घटनेला सात वर्षे झाली असताना ब्रिस्टल बंदरातून दोन जहाजे पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. एकाचे नाव 'ड्यूक', दुसऱ्याचे 'डचेस'. 'ड्यूक'चा कप्तान वुड्स रॉजर्स हा त्या वेळी तिशीच्या आसपासचा होता. इंग्लंडचे स्पेन व फ्रान्स यांच्याशी युद्ध चालू होते. सनदी जहाजांनी पकडलेल्या मालातील राजाचा हिस्सा पार्लमेंटने १७०८ च्या कायद्याने नुकताच सोडून दिला होता. त्यामुळे ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांनी या साहसात मोठ्या उत्साहाने पैसा घातला. मिळकतीचा दोन तृतीयांश वाटा त्यांचा, उरलेला एक तृतीयांश खलाशी व अधिकारी यांचा, असा करार झाला.

१७०८ च्या ऑगस्टमध्ये जहाजांनी ब्रिस्टल सोडले आणि आयर्लंडच्या कॉर्क बंदरात थांबून सप्टेंबरच्या आरंभी ती खुल्या समुद्रात आली. दोन्ही जहाजांवर मिळून तीनशेतीसच्या वर माणसे होती. त्यांतील कित्येक दर्यावर्दी नव्हतेच. त्यांत कल्हईवाले होते, शिंपी होते, शेतावर गवत कापणारे होते, फेरीवाले होते. सुमारे एक तृतीयांश माणसे परदेशी होती. अशी खोगीरभरती आवरण्यासाठी अधिकाऱ्यांची संख्या नेहमीच्या दुप्पट ठेवली होती. वाटाड्या म्हणून विल्यम डँपियर बरोबर होता. तरुणपणी त्याने स्वतः चाचेगिरी केलेली होती आणि पृथ्वीला दोन प्रदक्षिणा घातलेल्या होत्या. ही त्याची तिसरी.

या सफरीचे एक वैशिष्ट्य असे की, तिचा कारभार कागदावर चालत असे. महत्त्वाचा प्रत्येक निर्णय अधिकाऱ्यांच्या मंडळाने बसून घ्यावा, त्याचा ठराव लिहावा आणि त्याखाली सर्वांनी सह्या कराव्यात, असा दंडक होता. या नियमाची कसोटी लवकरच लागली. प्रवासाच्या दुसऱ्याच आठवड्यात एक स्वीडिश जहाज अडविण्यात आले. स्वीडन तटस्थ होते आणि जहाजावर युद्धसाहित्य सापडले नाही, म्हणून रॉजर्सने ते सोडून दिले. खलाशी खवळले. लुटीसाठी घरदार सोडून आलेल्या माणसांना हा विवेक समजेना. बंड उठले. रॉजर्सने म्होरक्यांना बेड्या घातल्या, एकाला त्याच्याच साथीदाराच्या हातून फटके मारविले, आणि काही दिवसांत जहाज ताब्यात आणले. आपण आणि चाचा यांत जो फरक आहे तो या सोडून दिलेल्या स्वीडिश जहाजाएवढाच आहे, हे त्याला नीट कळत असावे.

१७०९ च्या जानेवारीत त्यांनी केप हॉर्नला वळसा घातला. वादळाने जहाजे दक्षिणेस ढकलली जाऊन ती एकसष्ट अंशांच्याही पलीकडे गेली. इतक्या दक्षिणेस तोपर्यंत कोणी गेल्याची नोंद नव्हती. माणसांजवळ गरम कपडे नव्हते. अखेर गवत कापायला येणाऱ्यांचा नाही, तरी शिंप्यांचा उपयोग झाला. त्यांनी पांघरुणे कापून खलाशांना कपडे शिवून दिले. ताज्या अन्नाअभावी स्कर्व्ही रोगाने माणसे खचू लागली आणि पाणी व भाजीपाला मिळेल असे एखादे निर्जन ठिकाण शोधणे भाग पडले.

असे ठिकाण म्हणजे चिलीच्या किनाऱ्यापासून दूर असलेले हुआन फर्नांदेस बेट. रात्री त्या बेटावर जाळ दिसला. शत्रूची फ्रेंच जहाजे असतील या समजुतीने लढाईची तयारी झाली. सकाळी होडी किनाऱ्यावर गेली, ती बकऱ्याची कातडी नेसलेल्या एका माणसाला घेऊन परतली. तो अलेक्झांडर सेलकर्क. चार वर्षे आणि चार महिने तो तेथे एकटा राहिला होता. कप्तान स्ट्रॅडलिंगशी भांडण होऊन तो १७०४ मध्ये 'सिंक पोर्ट्स' जहाजावरून या बेटावर उतरला होता. बोलण्याची सवय इतकी सुटली होती की त्याच्या तोंडून शब्द अर्धेच बाहेर पडत. त्या मोहिमेचा प्रमुख डँपियर होता, आणि 'सिंक पोर्ट्स'वरील सर्वांत चांगला माणूस हाच, अशी ग्वाही त्याने दिली. रॉजर्सने सेलकर्कला लगेच 'ड्यूक'वर अधिकाऱ्याची जागा दिली. सेलकर्कने धावत जाऊन बकऱ्या पकडाव्यात, त्यांचा रस्सा व बेटावरचा पाला रोग्यांना द्यावा, अशी शुश्रूषा चालली आणि पुष्कळ रोगी उठून बसले. डॅनियल डीफोची रॉबिन्सन क्रूसोची कादंबरी १७१९ मध्ये निघाली. तिच्या मुळाशी सेलकर्कची ही हकीकत असावी, असे मानले जाते. लुटीच्या या सफरीतून जगाला मिळालेली सर्वांत टिकाऊ वस्तू कोणती, असे विचारले तर पुष्कळ लोक या कथेकडेच बोट दाखवतील.

पुढचे कथानक मात्र इतके निर्मळ नाही. पेरूच्या किनाऱ्यावर त्यांनी एकामागून एक लहान जहाजे पकडली. एका चकमकीत रॉजर्सचा धाकटा भाऊ जॉन मारला गेला. पकडलेल्या जहाजांवर आफ्रिकी गुलाम सापडले, त्यांची गणतीही मालातच झाली. नंतर ग्वायाकिल शहरावर चाल झाली. रॉजर्सने आधी तेथील अधिकाऱ्याशी खंडणीची घासाघीस केली. त्यात वेळ गेला आणि श्रीमंतांनी आपले सोनेनाणे शहराबाहेर हलविले. अखेर हल्ला करून शहर घेतले, हाती लागेल ते उचलले, आणि शहर न जाळण्याबद्दल तीस हजार स्पॅनिश डॉलरांची खंडणी ठरविली. त्या शहरात नुकतीच साथ येऊन गेली होती. चर्चमध्ये पुरलेली प्रेते ताजी होती आणि इंग्रजांची काही माणसे त्याच चर्चमध्ये मुक्कामाला होती. जहाजावर परतल्यावर शंभराहून अधिक माणसे तापाने पडली.

रॉजर्सचे खरे लक्ष्य यापेक्षा मोठे होते. दरवर्षी स्पेनचे एखाददुसरे जहाज मेक्सिकोतील अकापुल्कोहून चांदी घेऊन मनिलाला जाई आणि मनिलाहून पूर्वेचा माल घेऊन परत येई. चीनचे रेशीम, भारतातील सुती कापड, मसाले, चिनी भांडी यांनी ते भरलेले असे. दर्यावर्दी लोकांच्या तोंडी या जहाजाबद्दल अद्‌भुत कथा असत. इंग्रजांपैकी टॉमस कॅव्हेंडिशला १५८७ मध्ये असे एक जहाज मिळाले होते. त्यानंतर सव्वाशे वर्षांत दुसऱ्या कोणा इंग्रजाला ते साधले नव्हते. रॉजर्सची जहाजे १७०९ च्या नोव्हेंबरपासून कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाशी दबा धरून बसली. दिवस गेले, आठवडे गेले, बिस्किटे संपत आली. आता वाट पाहणे पुरे, पॅसिफिक ओलांडून निघावे, असा ठराव लिहून झाला, सह्या झाल्या, आणि दुसऱ्याच दिवशी क्षितिजावर शीड दिसले.

२२ डिसेंबरला झुंज झाली. 'एन्कार्नास्योन' हे जहाज थोड्या वेळात शरण आले. परंतु झुंजीच्या आरंभीच एक गोळी रॉजर्सच्या डाव्या गालातून शिरून वरच्या जबड्याचा काही भाग व दात घेऊन गेली. बोलणे अशक्य झाले, तेव्हा त्याने कागदावर हुकूम लिहून लढाई चालविली. चार दिवसांनी दुसरे, याहून पुष्कळ मोठे जहाज दिसले. त्याच्या जाड लाकडी भिंतींवर इंग्रजांचे हलके गोळे नुसतेच आपटले. रॉजर्सच्या पायाची टाच फुटली आणि ते जहाज निसटले. या अपयशातून अधिकाऱ्यांमध्ये भांडणे जुंपली. पकडलेल्या जहाजाचा कप्तान कोणी व्हावे यावरून पक्ष पडले. अखेर वर्षभरापूर्वी बकऱ्यांमागे धावणाऱ्या सेलकर्ककडे त्या जहाजाच्या सुकाणूचे काम आले.

ग्वाममार्गे ही जहाजे १७१० च्या जूनमध्ये बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला पोहोचली. तेथे वैद्याने रॉजर्सच्या तोंडातून गोळी काढली. तेथून केप ऑफ गुड होप, मग डच काफिल्याच्या सोबतीने हॉलंड; आणि येथे या शूरांना एक नवाच शत्रू भेटला. हा शत्रू म्हणजे त्यांच्याच देशाची ईस्ट इंडिया कंपनी. पूर्वेच्या मालाचा मक्ता आमचा. तो माल इंग्लंडात आणण्याचा अधिकार यांना कोणी दिला, असा कंपनीचा आक्षेप होता. ज्या मालासाठी स्पेनशी लढाई दिली, त्याच मालासाठी स्वदेशी व्यापाऱ्यांची समजूत काढावी लागली. १७११ च्या ऑक्टोबरमध्ये जहाजे थेम्स नदीत शिरली. विक्रीतून सुमारे दीड लाख पौंड आले. पण हिशेबांचे खटले वर्षानुवर्षे चालले, खलाशांना आपल्या वाट्यासाठी दाद मागावी लागली, आणि खुद्द रॉजर्सच्या हाती इतके थोडे पडले की त्याचे दिवाळे निघाले. सनदेने त्याला फासापासून वाचविले, पण श्रीमंत केले नाही.

रॉजर्सची जहाजे थेम्समध्ये नांगर टाकीत होती त्या सुमारास कोकणच्या किनाऱ्यावर एक दुसरा कागद समुद्रावर हुकमत गाजवीत होता. त्याला दस्तक म्हणत. कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग ही ठाणी हाताशी धरून कान्होजी आंग्रे यांनी हा किनारा आपल्या ताब्यात घेतला होता. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू छत्रपतींच्या पक्षास मिळाले आणि मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल म्हणून त्यांचे पद पक्के झाले. या पाण्यातून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने सरखेलांचे दस्तक घ्यावे. न घेईल ते जहाज पकडले जाईल, असा त्यांचा शिरस्ता होता. हा शिरस्ता त्यांनी नव्याने काढला असेही नाही. दोनशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनी याच समुद्रावर परवान्याची पद्धत बसविली होती, आणि इंग्रज कंपनीही आपले परवाने देतच होती.

कलह उत्पन्न झाला तो येथे. कंपनीची स्वतःची जहाजे सोडावीत हे एकवेळ मान्य होण्यासारखे होते. पण इतर व्यापाऱ्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली नेला जाऊ लागला, तेव्हा ते निशाण कोठवर चालावे हा वाद झाला. १७१२ च्या नोव्हेंबरमध्ये आंग्र्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नराचे 'अल्जेरीन' नावाचे जहाज पकडले. कारवारच्या वखारीचा प्रमुख चाउन त्या झटापटीत मारला गेला व त्याची पत्नी कैदेत पडली. पुढील फेब्रुवारीत तीस हजार रुपये घेऊन तिची सुटका करण्यात आली. या प्रकारात क्रौर्य नव्हते असे म्हणता येणार नाही. परंतु ग्वायाकिलच्या खंडणीचा आकडाही तीस हजारांचाच होता, आणि दोहोंमध्ये चार वर्षांचेदेखील अंतर नाही. एका प्रसंगाचे वर्णन इंग्रजी ग्रंथांत पराक्रम म्हणून होते, तर दुसऱ्याचे चाचेगिरी म्हणून.

१७१८ हे साल या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षीच्या जुलैमध्ये वुड्स रॉजर्स बहामा बेटांचा गव्हर्नर म्हणून नॅसॉ येथे उतरला. ही बेटे चाच्यांचे माहेरघर बनली होती, आणि त्यांतील कित्येकजण युद्ध संपल्यावर बेकार झालेले सनदी खलाशीच होते. राजाचा माफीनामा रॉजर्सच्या खिशात होता. शरण येतील त्यांना त्याने माफी दिली, हॉर्निगोल्डसारख्या जुन्या चाच्यालाच इतर चाच्यांच्या मागे पाठविले, आणि पुन्हा उलटलेल्यांपैकी आठजणांना डिसेंबरमध्ये फाशी दिले. स्लीमनने पुढे जबलपुरात चालविलेल्या रीतीचा हा समुद्रावरील पूर्वावतार म्हणता येईल. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने आंग्र्यांच्या खांदेरी किल्ल्यावर आरमार पाठविले. नॅसॉमध्ये जी मोहीम यशस्वी झाली ती खांदेरीला हात हलवीत परत आली. पुढे १७२१ च्या अखेरीस पोर्तुगीजांची मदत आणि राजाच्या आरमारातील कमोडोर मॅथ्यूजची जहाजे घेऊन कुलाब्यावर हल्ला झाला. तोही फसला.

या दोन मोहिमांतील भेद केवळ तोफांच्या संख्येचा नव्हता. नॅसॉच्या चाच्यांमागे कोणतेही राज्य नव्हते. माफीचा कागद पुढे करताच त्यांच्यात फूट पडली. कान्होजींच्या मागे किल्ले होते, मुलूख होता, छत्रपतींची मान्यता होती, भंडारी-कोळ्यांची कसलेली दर्यावर्दी माणसे होती. म्हणूनच त्यांना माफी देऊ करण्याचा प्रश्न उद्भवला नाही. तह करण्याचाच प्रश्न होता. मुंबईकर इंग्रजांनी एकीकडे त्यांना चाचा म्हटले, तरी दुसरीकडे त्यांच्याशी तह आणि पत्रव्यवहार केलेच. १७२४ मध्ये गव्हर्नर फिप्सशी झालेल्या अशाच पत्रव्यवहारात, दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ व्यापाऱ्यांनाही काही सुटलेला नाही, अशा आशयाचे उत्तर कान्होजींनी दिले होते. ते उत्तर देताना त्यांच्या डोळ्यांपुढे मुंबई-सुरतेचे व्यापारी असतील. ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांनाही ते तितकेच लागू पडले असते.

कान्होजी १७२९ मध्ये वारले. रॉजर्स कर्जापायी तुरुंगवास भोगून पुन्हा बहामाचा गव्हर्नर झाला आणि १७३२ मध्ये नॅसॉ येथे मरण पावला. दोघांची भेट झाली नाही. रॉजर्सने आपल्या सफरीचा वृत्तांत १७१२ मध्येच ग्रंथरूपाने छापला होता. त्यात त्याचे ठराव, त्याच्या जखमा, त्याचा विवेक आणि त्याची लूट हे सर्व त्याच्याच शब्दांत वाचावयास मिळते. कान्होजींनी असा ग्रंथ लिहिला नाही. त्यांच्या लढायांची सविस्तर वर्णने अनेकदा त्यांच्या शत्रूच्याच लेखणीतून उतरलेली आहेत, आणि चाचा हा शब्द तेथूनच आपल्या पाठ्यपुस्तकांपर्यंत आला.

हा शब्द पुसून काढण्यासाठी रॉजर्सला हिणवण्याची गरज नाही. एकसष्ट अंशांच्या थंडीत जहाज सांभाळणारा, फुटलेल्या जबड्याने लढाई चालविणारा आणि तटस्थांचे जहाज सोडून देण्यासाठी स्वतःच्या माणसांचे बंड पत्करणारा हा कप्तान सामान्य नव्हता. गरज आहे ती एकाच मापाने दोघांना मोजण्याची. रॉजर्सची सनद खरी मानावयाची असेल, तर कान्होजींचे दस्तकही खरे मानले पाहिजे. आणि दस्तक ही लूट ठरत असेल, तर ग्वायाकिलची खंडणीही लूटच ठरते. स्वतंत्र भारताने १९५१ मध्ये मुंबईतील आपल्या नौदलाच्या तळाला 'आंग्रे' हे नाव दिले. ज्या बंदरातून कान्होजींवर एकामागून एक मोहिमा निघाल्या, त्याच बंदरात आज ते नाव सन्मानाने उभे आहे.